सांगलीत आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर पूर लपवू नका

सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सरांनी विचारलंय की नदी, पूर आणि शहर या विषयावर 12-15 देशांतली माणसं बोलवून इथं परिषद घ्यायची आहे, पण ट्रस्टी म्हणतात इथं विमानतळ नाही, फाइव्ह स्टार हॉटेल नाही, त्यात पुराचं गाव म्हणून नाव झालेलं, सरळ पुण्यात हॉल बुक करा. तर सांगली होस्ट होऊ शकते का, आणि परिषद सस्टेनेबल आहे हे दाखवायला काय काय करावं लागेल?

होऊ शकते. मी 24 वर्षं परिषदा भरवायचं काम करते, पुणे, हैदराबाद, दिल्ली, गोवा, 60 माणसांच्या बैठकीपासून दीड-दोन हजारांच्या मेडिकल परिषदेपर्यंत सगळं केलंय, आणि माहेर सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातलं, त्यामुळं पूर काय असतो ते मला कुणी सांगायला नको. आमच्या घरात जिन्याशेजारच्या भिंतीवर बाबांनी खिळ्यानं दोन रेघा ओढल्यात, खालची 2005 ची आणि वरची 2019 ची. वरची रेघ स्विचबोर्डाच्याही वर आहे. 2019 चा चिखल काढून झाल्यावर बाबांनी वायरमनला बोलवून सगळे बोर्ड त्या रेघेच्या हातभर वर घेतले, मीटर जिन्याच्या वळणावर नेला, धान्याचे डबे कायमचे माळ्यावर टाकले. 2021 ला परत पाणी आलं, घर परत भिजलं, पण पाणी उतरून घर धुतलं आणि आमचे दिवे गल्लीत सगळ्यांच्या आधी लागले. रेझिलियंट सिटी म्हणून जे मोठमोठ्या स्लाइडवर दाखवतात ना, ते मला त्या भिंतीवर दिसतं. पाणी येणार हे धरूनच चालायचं आणि आल्यावर किती लवकर उभं राहता येईल ते आधी बघून ठेवायचं.

आता ट्रस्टींचं म्हणणं. त्यांना सेंदाईचं सांगा. 11 मार्च 2011 ला जपानात भूकंप आणि त्सुनामी आली, सेंदाई शहराचा किनाऱ्याकडचा भाग धुऊन गेला, आणि चारच वर्षांनी, मार्च 2015 मध्ये, संयुक्त राष्ट्रांची आपत्तीचा धोका कमी करण्यावरची तिसरी जागतिक परिषद त्याच शहरात भरली. टोकियोत हॉल कमी होते का? पण तिथं जो करार झाला, 2015 ते 2030 चा, तो जगभर सेंदाई फ्रेमवर्क म्हणूनच ओळखला जातो, आपल्याकडच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या कागदांत सुद्धा ते नाव असतं. त्याआधीची परिषद जानेवारी 2005 मध्ये कोबेला, बरोबर दहा वर्षांपूर्वी जानेवारी 1995 मध्ये जिथं मोठा भूकंप झाला होता तिथं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स ऑगस्ट 2005 मध्ये कतरिना वादळानंतर बुडालं, आणि जून 2006 मध्ये ग्रंथपालांच्या संघटनेनं आपली वार्षिक परिषद तिथंच घेतली, दुसरीकडं हलवली नाही. त्या शहरांनी आपलं दुखणं झाकून ठेवलं नाही, पाहुण्यांना तिथंच नेलं. सेंदाईत अराहामा म्हणून एक प्राथमिक शाळा आहे, त्सुनामीच्या वेळी 320 माणसं तिच्या वरच्या मजल्यावर आणि गच्चीवर चढून वाचली, ती इमारत पाडायच्या ऐवजी आहे तशी ठेवून 2017 पासून लोकांना बघायला खुली केलीय. आपण काय करतो, पूर ओसरला की चुना मारतो आणि पाहुण्यांसमोर विषय काढत नाही.

आणि खरं सांगायचं तर हा विषय पुण्यातल्या एसी हॉलमध्ये जेवढा कळेल त्याच्या दसपट सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर उभं राहून कळतो. 1929 चा पूल. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न, पाणी किती फुटावर? चहावाल्यापासून बँक मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत असतं की कोयना धरणातनं किती पाणी सोडलं आणि ते इथं यायला साधारण किती वेळ लागणार. कऱ्हाडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा मिळते, खाली नरसोबावाडीला पंचगंगा, ती पण फुगली की आपलं पाणी पुढं सरकेना होतं, त्यात नदीकाठच्या सखल भागातली बांधकामं, आणि पुढं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरनं दोन राज्यांचा वाद. नदी एक आणि राज्यं चार, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र. पाण्याच्या अभ्यासकाला यापेक्षा काय हवं असतं? वर त्याच ऑगस्ट 2019 मध्ये याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडं टँकर चालू होते. आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा ट्रेन मिरजेतनं भरून गेली, पहिल्या फेरीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. पूर पण आमचाच, दुष्काळ पण आमचाच, आणि तहानलेल्याला पाणी पण आम्हीच दिलं. हे ट्रस्टींच्या समोर ठेवा, मग बघू कोण म्हणतं पुण्याला घ्या.

आता कामाचं.

पहिली गोष्ट आकार. आंतरराष्ट्रीय म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर 2000 माणसं आणि फिरतं स्टेज येतं. अशा परिषदांची जागतिक मोजदाद ठेवणारी इक्का म्हणून संघटना आहे, ॲमस्टरडॅमला ऑफिस, 1963 पासून काम करते, त्यांच्या हिशेबात परिषद धरायला किमान 50 माणसं लागतात, ती नियमित भरावी लागते आणि किमान तीन देशांत फिरती असावी लागते, बस. म्हणजे 50. तुम्ही 120 धरा, त्यात 35-40 बाहेरचे. 2023 ला जी-20 च्या बैठका आठवा, हंपीला शेर्पांची, म्हणजे देशांच्या प्रमुखांच्या प्रतिनिधींची, झाली, खजुराहोला झाली, ही काय महानगरं आहेत का? त्या त्या गावाला झेपेल एवढी बैठक तिथं दिली. 120 माणसांना सांगली-मिरजेत चांगल्या, स्वच्छ खोल्या मिळतात. 400 केलंत तर पाहुणे कोल्हापुरात ठेवावे लागतील आणि रोज सकाळी तास-दीड तास बसमध्ये जाईल, परिषदेचा जीव तिथंच जातो. अंथरूण बघून पाय पसरा.

दुसरं तारीख. जानेवारीचा मधला आठवडा ते फेब्रुवारी अखेर, संक्रांत टाळून. हवा छान, हळदीची आवक सुरू, द्राक्षं, हुरडा. पुरावर परिषद आहे म्हणून पावसाळ्यात घेऊ, पाहुण्यांना प्रत्यक्ष दिसेल, असं कुणीतरी हमखास सुचवतं. अजिबात नको. पुराच्या दिवसांत हॉटेलच्या खोल्या, बोटी, डॉक्टर, कॉर्पोरेशनचे लोक हे सगळं गावाला लागतं, तेव्हा 40 परदेशी पाहुणे म्हणजे गावावर ओझं.

येण्याजाण्याचं थोडं नीट बघा, कारण कुठल्याही आंतरराष्ट्रीय परिषदेत कार्बनचा सगळ्यात मोठा वाटा विमानप्रवासाचा असतो, बांबूची पेनं आणि कापडी पिशव्या वाटून तो भरून निघत नाही. म्हणून ज्याचा पेपर 15 मिनिटांचा आहे आणि चर्चेत भाग घ्यायचा नाही त्याला ऑनलाइनच बोलू द्या. जे येतील त्यांना निदान तीन-चार दिवस थांबवा, एका प्रवासात परिषद, फील्ड व्हिजिट, तुमच्या विद्यार्थ्यांबरोबर एक वर्कशॉप, सगळं उरका. मुंबईला उतरले की रात्रीची महालक्ष्मी, सकाळी सांगली किंवा मिरज. पुण्याला उतरले तर वंदे भारत आहे, ती पण दोन्हीकडं थांबते, फक्त वार बघून तारखा जुळवा, रोज नसते. कोल्हापूरचं विमानतळ 50 किलोमीटरच्या आसपास आहे, देशातल्या लोकांना ते बरं पडतं. विमानतळ नाही हे रडगाणं बंद करा. मिरज जंक्शन हेच आपलं बलस्थान आहे, तिथं उतरणाऱ्या पाहुण्याला घ्यायला तुमची चार पोरं फलक धरून उभी राहिली तर तो विमानतळ विसरेल.

व्हेन्यू कॉलेजचाच ठेवा. विश्रामबागकडचा भाग उंचावर आहे, पुरात गावभागातली माणसं तिकडंच आसरा घेतात. हॉल बघायला गेलात की झुंबरं बघू नका, जनरेटर कुठं ठेवलाय ते बघा. हे मी अनुभवानं सांगते. एका मोठ्या शहरात, एका नावाजलेल्या हॉटेलात, ऑगस्टमध्ये आमची परिषद होती, जनरेटर बेसमेंटला. रात्री धो धो पाऊस झाला, बेसमेंटमध्ये पाणी, सकाळी सेशन चालू असताना लाइट गेली आणि बॅकअप पण गेला. 300 माणसं अंधारात, लिफ्ट बंद, आणि चौथ्या मजल्यावर व्हीलचेअरवरचे एक वयस्कर प्रोफेसर अडकलेले. हॉटेलच्या चार वेटरांनी त्यांना खुर्चीसकट जिन्यावरनं खाली आणलं, प्रत्येक पायरीला मी खालनं हात धरून उभी होते, ते प्रोफेसर मलाच धीर देत होते. त्या हॉटेलच्या रिसेप्शनला पर्यावरणाचं मोठं सर्टिफिकेट लावलेलं होतं. तेव्हापासून मी व्हेन्यूवाल्याला पहिले चार प्रश्न हेच विचारते: जनरेटर कुठं आहे, किती तास चालतो, लिफ्ट बंद पडली तर चालता न येणाऱ्या माणसाला खाली कसं आणणार, आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला. तुमच्या कॉलेजला पण हेच विचारा, आणि एकदा प्रत्यक्ष मेन स्विच बंद करून बघा. मिरजेत एवढी मोठी हॉस्पिटलं आहेत, मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉ. वॅनलेसांच्या काळापासनं वैद्यकीय गाव म्हणून नाव आहे, त्यातल्या एकाशी आधीच लेखी बोलून ठेवा की रात्री 2 वाजता पाहुणा आजारी पडला तर फोन कुणाला. हे पाहुण्यांच्या माहितीपत्रकात छापा, पहिल्या पानावर.

पाणी. परदेशी पाहुणा सगळ्यात जास्त पाण्याला भितो, म्हणून आपण त्याच्या हातात बाटली देतो, तो दोन घोट पितो आणि ठेवून देतो. संध्याकाळी हॉल रिकामा झाला की टेबलांखाली अर्ध्या भरलेल्या बाटल्यांची रांग मी शेकडो वेळा बघितलीय, आणि प्रत्येक वेळी जत आठवतं. मोठे डिस्पेन्सर लावा, स्टीलचे ग्लास, आणि पाणी लॅबमधनं तपासून त्याचा रिपोर्ट इंग्रजीत प्रत्येक डिस्पेन्सरवर तारखेसकट चिकटवा. रिपोर्ट दिसला की माणूस बिनधास्त पितो, हे मी करून बघितलंय. पाणीच सुरक्षित नसेल तर परिषदेच्या आधी ते काम करा, पाहुणे गेल्यावर तुमच्या पोरांना तेच प्यायचं आहे.

जेवण साधं आणि इथलं. ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, दही, संध्याकाळी भडंग आणि चहा, गोडाला तासगावचे बेदाणे घालून काहीतरी. पनीरचे पाच प्रकार कशाला? आणि वाढपी ठेवा. बुफेत मोठं ताट दिलं की माणूस डोळ्यांनी जेवतो, निम्मं टाकतो. एका परिषदेत मी पहिल्या दिवशी खरकट्याचा पिंप वजनकाट्यावर ठेवला, आकडा सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितला, ताटं लहान केली आणि वाढायला बायका उभ्या केल्या, दुसऱ्या दिवशी वजन निम्म्याच्याही खाली आलं. फक्त कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते रजिस्ट्रेशन फॉर्ममध्येच विचारा, आपल्या जेवणात शेंगदाण्याचं कूट जागोजागी असतं आणि काही परदेशी माणसांना ते जिवावर बेतू शकतं. प्रत्येक भांड्यासमोर पाटी हवी, शेंगदाणा आहे किंवा नाही.

सर, तुमच्या प्रश्नात "सस्टेनेबल आहे हे दाखवायला" असं आहे, त्यातला दाखवायला हा शब्द काढा. आयएसओ 20121 नावाचं इव्हेंटसाठीचं स्टँडर्ड आहे, लंडन ऑलिम्पिकच्या वेळी 2012 ला आलं, ते वाचून घ्या, चांगलं आहे, पण सर्टिफिकेटच्या मागं पैसे घालू नका. फ्लेक्स अजिबात नको, एकही. रंगवलेला कापडी पडदा करा, सांगली नाटकाची पंढरी आहे, 1843 ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर इथं उभं केलं, पडदा रंगवणारा माणूस आपल्याला मिळणार नाही का?

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. बोलणार कोण? बाहेरचे 40 तज्ज्ञ येणार, आपले प्राध्यापक पेपर वाचणार, आणि ज्यानं स्वतःच्या नावेतनं माणसं काढली तो नावाडी बाहेर मंडपात चहा देणार, असं होता कामा नये. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड इथल्या बाया, ज्यांनी चार-चार वेळा संसार डोक्यावर घेऊन घर सोडलंय, त्यांना स्टेजवर बसवा आणि मराठीत बोलू द्या. इंटरप्रिटेशनचं बूथ आणि हेडफोन पुण्यातनं भाड्यानं मिळतात, बजेटमध्ये पहिल्यांदा ते टाका, गिफ्ट किट नंतर. मराठीतनं इंग्रजी आणि इंग्रजीतनं मराठी, दोन्ही. बूथमधल्या माणसांना आधी शब्द द्या, फूट, विसर्ग, पूररेषा, पाणलोट, बॅकवॉटर, नाहीतर ऐनवेळी अडखळतात. आणि 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना बोट उलटली, त्या घरांतल्या माणसांना बोलवायचं झालं तर आधी घरी जाऊन विचारा, नाही म्हटले तर परत विचारू नका. त्यांचं दुःख हा कार्यक्रमपत्रिकेतला आयटम नव्हे.

फील्ड व्हिजिटला एक दिवस पूर्ण द्या. सकाळी आयर्विन, तिथनं हरिपूरचा संगम आणि पेवं. पेव म्हणजे जमिनीखाली खोल खणलेलं हळदीचं कोठार, तोंड एवढंसं आणि आत माणूस उभा राहील एवढं पोट. हळद भरून तोंड लिंपून टाकलं की वर्षानुवर्षं कीड लागायची नाही, वीज नको, एसी नको. लहानपणी बाबांबरोबर गेले होते तेव्हा एका हमालानं उघडलेल्या पेवात दोरीनं कंदील सोडलेला बघितला, कंदील विझला नाही तरच माणूस आत उतरणार, आत हवा आहे का ते बघायची ती रीत. त्या उघड्या तोंडातनं जो वास आला तो अजून नाकात आहे. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली, व्यापार वखारी आणि कोल्ड स्टोरेजकडं सरकला, पुढं 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. बिनविजेचं एवढं चांगलं तंत्र एका पुरात कसं मोडलं आणि त्याच्या जागी जे आलं त्याला वीज किती लागते, या एका प्रश्नावर तुमचं अर्ध्या दिवसाचं सेशन होईल. दुपारी मिरजेत सतारमेकर गल्ली. तिथले पूर्वज हत्यारं घडवणारे, ते काम गेलं तेव्हा त्याच हातांनी सतार-तंबोरे घडवायला घेतले, आज त्याला पण जीआय आहे, 2024 चं. पंढरपूरकडनं भोपळा येतो, तिकडं पीक गेलं की इकडं काम अडतं. शहर तगतं म्हणजे काय, हे त्या गल्लीत बसून ऐकावं. बस दोनच करा, जास्तीत जास्त 60 माणसं, ती गल्ली अरुंद आहे आणि तिथं लोक काम करत असतात. कारागिरांचा दिवस मोडतो, त्याचे पैसे द्या, नुसती शाल-नारळ नको.

परवानग्यांचं पटकन सांगते. परदेशी पाहुण्यांना कॉन्फरन्स व्हिसा लागतो, त्यासाठी तुमचं इन्व्हिटेशन लेटर, परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय परवानगी आणि गृह मंत्रालयाचं इव्हेंट क्लिअरन्स हे कागद बघतात, म्हणून निदान पाच-सहा महिने आधी फाइल टाका. पर्यटक व्हिसावर या म्हणून कुणालाही सांगू नका. आणि परदेशी माणूस ज्या हॉटेलात उतरतो त्यांना 24 तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती ऑनलाइन फॉर्मवर (पूर्वीचा सी फॉर्म) भरावी लागते, सांगलीतल्या लहान हॉटेलांना याची सवय नसते, आधी जाऊन मॅनेजरबरोबर बसा आणि एक फॉर्म भरून बघा. परदेशातनं पैसे येणार असतील तर सीएला विचारल्याशिवाय एक रुपया घेऊ नका.

शेवटच्या दिवशी ठराव वगैरे होतील, त्याबरोबर एक पक्कं काम गावात ठेवून द्या, आणि ते आधीच ठरवा. माझ्या मनात एक आहे. पुराचं पाणी जिथं जिथं चढलं तिथल्या चौकांत, शाळांच्या भिंतींवर, 2005, 2019 आणि 2021 च्या रेघा रंगवायच्या, शेजारी लिहायचं की आयर्विनला इतके फूट झालं की इथं पाणी येतं. हरभट रोडवर दुकान टाकणाऱ्या नव्या माणसाला, भाड्यानं राहायला आलेल्या पोराला हे आज कुणी सांगत नाही. तुमच्या सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी पातळ्या मोजाव्यात, पाहुण्यांनी एखाद-दोन रेघा स्वतः रंगवाव्यात. कॉर्पोरेशनची परवानगी लागेल, ती लगेच मागा, कारण त्याला व्हिसापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. पहिली रेघ कुठं मारायची म्हणत असाल तर गावभागात आमच्या घराची बाहेरची भिंत मोकळी आहे, बाबांना मी विचारून ठेवलंय.